बाप तुरुंगात, लेकरू शाळेत : शिक्षण थांबू नये म्हणून काय करता येतं?

आपल्या मोहल्ल्यात एखादं मूल यतीम झालं तर लोक धावून जातात. रमजानमध्ये त्याच्या घरी रेशन पोहोचतं, ईदला कपडे येतात, शाळेची फी कोणीतरी उचलतं. हा आपल्या समाजाचा मोठा गुण आहे. पण ज्या मुलाचा बाप हयात आहे आणि तुरुंगात आहे, त्याचं काय? तो यतीम नाही, म्हणून मदतीच्या यादीत त्याचं नाव नसतं. त्याची अम्मी बेवा नाही, म्हणून तिच्या घरी कोणी विचारायला जात नाही. उलट लोक दोन पावलं लांबच राहतात. पोलीस विचारतील, आपलं नाव येईल, ही भीती असते. घरातला कमावता हात गेला हे दोन्ही घरांत सारखंच. फरक एवढाच की एका घरात लोक पुरसा द्यायला जातात आणि दुसऱ्या घरावरून मान खाली घालून पुढे निघून जातात.

एरंडोलसारख्या तालुक्याच्या गावात शिकवताना अशी मुलं आमच्या वर्गांतून येत असतात. हा लेख त्यांच्यासाठी, त्यांच्या अम्मीसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्या नाना-नानी, चाचा-मामूंसाठी आहे. बापाने गुन्हा केला की नाही, हा विषय न्यायालयाचा आहे. केला असेल तर ज्याचं नुकसान झालं त्यालाही न्याय मिळायलाच हवा. आम्ही फक्त मुलाच्या शाळेबद्दल बोलणार आहोत.

बहुतेक कैदी अजून दोषी ठरलेले नाहीत

पहिली गोष्ट नीट समजून घेऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते. त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही असे. साधा हिशोब केला तर दर चार कैद्यांमागे तीन. कच्च्या कैद्यांत मुसलमानांचं प्रमाण सुमारे पाचवा हिस्सा आहे. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्येतलं आपलं प्रमाण 14.2 टक्के होतं. महाराष्ट्रातल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतले प्रा. विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी केला होता. त्यातही हेच दिसलं की यातले बहुतेक जण कमी शिकलेले, कमी कमाईचे आणि कुठल्याही संघटित टोळीशी संबंध नसलेले आहेत.

मुलाच्या शिक्षणाशी याचा थेट संबंध आहे. शिक्षा झाली असेल तर बाप किती वर्षांनी येईल याचा अंदाज तरी असतो. कच्च्या कैद्याच्या घरात पुढच्या तारखेशिवाय काहीच ठरलेलं नसतं. "पुढच्या तारखेला अब्बू येतील" असं म्हणता म्हणता मूल चौथीतून सातवीत जातं. त्या आशेवर घरचे लोक कुठलाच निर्णय घेत नाहीत. शाळा बदलायची का, योजनेचा अर्ज भरायचा का, क्लास लावायचा का, सगळं "अब्बू आल्यावर बघू" वर थांबतं. म्हणून आमची पहिली विनंती ही की मुलाच्या शाळेचे निर्णय तारखेला बांधू नका. बाप उद्या सुटला तर अल्हम्दुलिल्लाह, पण अर्ज आजच भरा.

अभ्यास मागे का पडतो?

लोक पटकन म्हणतात, "जैसा बाप वैसा बेटा." हे खरं आहे का? 2012 साली जोसेफ मरे, डेव्हिड फॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्याने वेगवेगळ्या देशांतले 40 अभ्यास एकत्र तपासले. ज्यांच्या आई किंवा वडिलांना तुरुंगवास झाला, त्या मुलांत वर्तनाच्या तक्रारी वाढण्याचा धोका दिसला. पण जे अभ्यास सर्वांत काटेकोर होते, त्यांत केवळ तुरुंगवासामुळे मूल शिक्षणात नापास होतं असं सिद्ध झालं नाही. म्हणजे हे नशीब नाही. मुलाची बुद्धी तुरुंगात जात नाही. तुरुंगासोबत घरात जे येतं ते त्याला मागे ओढतं, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी थांबवता येतात.

आमच्या भागात त्या गोष्टी साधारण अशा दिसतात.

पहिली गोष्ट पैशाची. वकिलाची फी, जामिनाची धावपळ, कर्ज. बारा-तेरा वर्षांचा मुलगा "थोडे दिवस" गॅरेजवर, चिकनच्या दुकानात किंवा हातगाडीवर बसतो. ते थोडे दिवस संपत नाहीत. मुलगी असेल तर लवकर निकाह लावून जबाबदारी संपवण्याची घाई होते.

दुसरी गोष्ट गैरहजेरीची. तारीख एरंडोलला असो की जळगावला, लहान मुलाला घरी ठेवायला कोणी नसतं, म्हणून अम्मी त्याला सोबत नेते. जळगाव जिल्हा कारागृहात मुलाकातीला गेलं की एसटीने जाणं-येणं, रांग, नंबर यात पूर्ण दिवस जातो. शिक्षा होऊन बापाला नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात हलवलं तर एका भेटीत शाळेचे दोन दिवस जातात. महिन्यात असे चार-पाच दिवस बुडाले की गणिताचा एक धडा गेलाच. पुढचा धडा मागच्यावर उभा असतो.

तिसरी गोष्ट घर बदलण्याची. अम्मी मुलांना घेऊन माहेरी येते. धरणगावची शाळा सुटते, एरंडोलची मिळते. कधी उर्दू माध्यमातलं मूल मराठी शाळेत येऊन बसतं आणि भाषेतच अडकतं.

चौथी गोष्ट लाजेची. बापाचा फोटो मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि यूट्यूबच्या लोकल चॅनलवर फिरलेला असतो. मधल्या सुट्टीत कोणीतरी टोमणा मारतं. मूल मारामारी करतं, नाहीतर गप्प होतं. मारामारी करणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, गप्प झालेल्याकडे कोणाचंच जात नाही.

शिक्षकांची नजर

2010 साली अमेरिकेत डॅनियल डॅलेर आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांवर एक प्रयोग केला. वर्गात एक नवीन मुलगी येणार आहे, तिची आई सध्या घरी नाही, असं शिक्षकांना सांगितलं. आई कुठे आहे याचं कारण मात्र वेगवेगळ्या गटांना वेगवेगळं दिलं. ज्यांना "तुरुंगात" असं सांगितलं, त्यांनी मुलीची कुवत कमी धरली. मुलगी वर्गात पाऊल टाकायच्या आधीच तिचे मार्क कापले गेले होते.

आम्ही शिक्षक लोकांनी हे मनावर घ्यायला हवं. वर्गात सगळ्यांसमोर वडिलांचा व्यवसाय विचारू नये. पालकसभेला बापच यावा असा हट्ट नको, अम्मी, नाना, मामू, कोणीही आलं तरी तो पालकच. तारखेच्या दिवशी मूल गैरहजर राहणार हे एकदा कळलं की दुसऱ्या दिवशी रागावण्याऐवजी बुडालेला भाग शेजारच्या हुशार मुलाकडून भरून घ्यावा. चोरी झाली, काच फुटली, की पहिला संशय त्याच मुलावर घेऊ नये. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हीला मनाई आहे. "बापासारखाच होशील" हे वाक्य मानसिक त्रासच आहे.

आणि अम्मींनो, शाळेत एका तरी माणसाला खरं सांगून ठेवा. सगळ्या गावाला नको, पण वर्गशिक्षकांना किंवा मुख्याध्यापकांना सांगा. कारण माहीत नसेल तर शिक्षक मुलाला आळशी समजतात.

मुलाला काय सांगायचं?

बहुतेक घरांत सांगतात, "अब्बू दुबईला गेलेत." पाच वर्षांच्या मुलाला हे पटतं. आठ वर्षांच्या मुलाला मोहल्ल्यातलं दुसरं मूल खरं सांगून टाकतं, आणि मग त्याचा घरच्यांवरचा भरोसा उडतो. 2013 साली अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट' या लहान मुलांच्या कार्यक्रमाने याच विषयावर साहित्य तयार केलं. त्यात ज्याचे वडील तुरुंगात आहेत असं ॲलेक्स नावाचं बाहुलं आणलं. मुलाला त्याच्या वयाला झेपेल एवढं, पण खरं सांगा, हाच त्यामागचा विचार.

लहान मुलाला एवढं पुरतं : "अब्बूंवर एक केस आहे. जज साहेब ठरवेपर्यंत त्यांना एका ठिकाणी राहावं लागतं. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. तुझी शाळा, तुझं घर, सगळं इथेच आहे." मोठ्या मुलाला केसची साधी माहिती द्या, कारण तो मोबाईलवर शोधणारच आहे. कोणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं तेही ठरवून द्या. "तो आमच्या घरचा मामला आहे" एवढं बोलायला शिकवलं तरी मुलाला आधार मिळतो.

दीनची शिकवणही इथे स्पष्ट आहे. कोणी कोणाचं ओझं उचलणार नाही, प्रत्येकाला आपल्याच कर्माचा जाब द्यायचा आहे, हे कुरआनात एकदा नाही, अनेकदा सांगितलंय. मग बापाच्या केसचं ओझं आपण पोराच्या दप्तरात कसं काय टाकतो?

सरकारी मदत : कुठली, कुठे, कशी?

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. ही महाराष्ट्र शासनाची योजना आहे. आई-वडील नसलेल्या, एकच पालक असलेल्या किंवा कुटुंब संकटात असलेल्या 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना घरातच ठेवून सांभाळता यावं म्हणून दर मुलामागे महिन्याला 2,250 रुपये मिळतात. तुरुंगात असलेल्या पालकांच्या मुलांसाठीही अर्ज करता येतो. अर्ज जळगावच्या जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जातो, सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन चौकशी करतो आणि बाल कल्याण समिती आदेश देते. मुलाचं व पालकाचं आधार, शाळेचा बोनाफाईड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, बँक पासबुक, फोटो आणि बाप तुरुंगात असल्याचा कागद, एवढं एका फाईलमध्ये तयार ठेवा. हप्ता पुढे-मागे होऊ शकतो, म्हणून दर महिन्याचा किराणा त्यावर टाकू नका. शाळेच्या खर्चासाठी तो बाजूला ठेवा.

मिशन वात्सल्य. केंद्राच्या या योजनेत गरजू मुलाला प्रायोजकत्व म्हणून महिन्याला 4,000 रुपयांची तरतूद आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात 72,000 आणि शहरी भागात 96,000 रुपयांपर्यंत असावं लागतं. आपलं मूल दोन्हींपैकी कशात बसतं हे त्याच कार्यालयात विचारा.

संजय गांधी निराधार अनुदान योजना. पात्रांच्या यादीत "तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची पत्नी" हा शब्दप्रयोग आहे, आणि हे आपल्या बायांना माहीतच नसतं. महिन्याला 1,500 रुपये मिळतात. अर्ज एरंडोलच्या तहसील कार्यालयात करायचा. दोन गोष्टी लक्षात ठेवा. शब्द "शिक्षा भोगत असलेल्या" असा आहे, त्यामुळे नवरा कच्चा कैदी असेल तर अडचण येते. आणि "लाडकी बहीण"चे 1,500 आणि हे 1,500, दोन्ही एकदम मिळत नाहीत.

एनएमएमएस परीक्षा. आठवीतल्या मुलांसाठी ही शिष्यवृत्ती परीक्षा होते. पास होऊन यादीत आलं तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना बसता येतं, सातवीत 55 टक्के हवेत, आणि पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. सातवीतच तयारी सुरू केली तर आपली मुलं यात नक्की येऊ शकतात.

मोफत वकील. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कैदी, महिला आणि मुलं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 15100 हा नंबर लिहून ठेवा. वकिलाच्या कर्जातून घर वाचलं तर शाळाही वाचते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम 479 नुसार, फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसेल आणि आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढलेला कच्चा कैदी जामिनाला पात्र ठरू शकतो. एकाहून जास्त गुन्ह्यांचे खटले चालू असतील तर मात्र हे लागू होत नाही. आपल्या माणसाला हे लागू पडतं का, हे वकिलाला विचारा. मूल संकटात असेल तर 1098 वर फोन करा.

शाळा सुटू नये, सुटली तर परत यावी

शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वर्षांच्या मुलाला जन्माचा दाखला नाही किंवा जुन्या शाळेचा टीसी उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सुटलेल्या मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं असतं. त्यामुळे माहेरी आलात तर पहिल्याच आठवड्यात शाळेत जा, टीसी नंतर येत राहील.

दहावीच्या आधी शाळा सुटली असेल तरी रस्ता बंद नाही. 17 नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीची परीक्षा खाजगी विद्यार्थी म्हणून देता येते. दिवसा गॅरेजवर काम करणारा मुलगाही मार्चची परीक्षा देऊ शकतो. दोन विषय राहिले तर पुरवणी परीक्षा आहे. फक्त फॉर्मच्या तारखेवर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं, आणि ते काम मोहल्ल्यातला कोणताही शिकलेला तरुण करू शकतो.

कागदपत्रांचं आणखी एक. मन्सुरी, बागवान, तांबोळी, मनियार अशा आपल्या बऱ्याच बिरादऱ्या ओबीसीत येतात. जातीच्या दाखल्यासाठी बापाचा, दादाचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो, आणि ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागतात. बारावीनंतर हे शोधत बसण्यापेक्षा आत्ताच काढा. कुठे बापाची सही लागली तर वकिलामार्फत, कारागृह अधीक्षकांच्या परवानगीने ती घेता येते.

आत असलेला बापही शिकवू शकतो

मुलाकातीला जाताना प्रगतिपुस्तक दाखवण्याची परवानगी मागा. केसची चर्चा अम्मीने आधी उरकावी आणि शेवटची पाच मिनिटं मुलाला द्यावीत. बापाने फक्त विचारावं, "कुठला धडा चालू आहे?" ई-मुलाकातीने व्हिडिओवर बोलता येत असेल तर शाळेचा दिवस बुडवण्यापेक्षा ते बरं. पत्र तर कोणीही लिहू शकतं, आणि मुलाचं लेखनही सुधारतं. राज्यातल्या काही कारागृहांत "गळाभेट" नावाचा उपक्रम झाला आहे. त्यात कैद्याला आपल्या लेकरांना मधल्या जाळीशिवाय, जवळ घेऊन भेटता येतं.

पॅरोलबद्दलही एक निकाल माहीत असावा. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. भारती डांगरे आणि न्या. मंजुषा देशपांडे यांनी जन्मठेपेच्या एका कैद्याला 10 दिवसांचा पॅरोल दिला. त्याच्या मुलाला ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. फीची सोय करायची होती आणि मुलाला निरोप द्यायचा होता. दुःखाच्या प्रसंगी पॅरोल मिळतो तर आनंदाच्या प्रसंगी का नको, असा न्यायालयाचा विचार होता. कैद्याचा मुलगा परदेशी शिकायला जाऊ शकतो, हेही या निकालातून आपल्या मुलांना सांगता येतं.

शिक्षा झालेल्या कैद्याला आत कामाची मजुरी मिळते, ती घरी पाठवता येते. 2022 साली येरवड्यात महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने कैद्यांसाठी 50,000 रुपयांपर्यंतची "जिव्हाळा" कर्ज योजनाही सुरू केली. आई तुरुंगात असेल तर 2006 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आर. डी. उपाध्याय निकालानुसार मूल सहा वर्षांचं होईपर्यंत तिच्याजवळ राहू शकतं. तुरुंगात जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंगाचं नाव येऊ नये, हेही त्यात सांगितलंय.

मोहल्ल्याने काय करावं?

मुंबईचे शिक्षक अब्दुल वाहिद शेख 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात नऊ वर्षं आत होते. 2015 साली न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. आत असताना त्यांनी वकिलीचं शिक्षण घेतलं, "बेगुनाह कैदी" हे पुस्तक लिहिलं आणि सुटल्यावर पुन्हा शाळेत शिकवू लागले. त्याच खटल्यातल्या उरलेल्या 12 जणांना मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी निर्दोष ठरवलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलंय आणि तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती आहे, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलेलं नाही. त्यांच्यातला एक जण निकालाआधीच, 2021 मध्ये, तुरुंगात वारला होता. अटक झाली त्या वर्षी जन्मलेलं मूल निकालाच्या दिवशी 19 वर्षांचं होतं. बालवाडीपासून बारावीपर्यंतचं सगळं शिक्षण त्या 19 वर्षांत बसतं. निकालाची वाट बघून मोहल्ला मदत करणार असेल तर ती मदत मुलाच्या शाळेला कधीच पोहोचणार नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं. बैतुलमालच्या यादीत यतीम आणि बेवांसोबत या घरांसाठी एक ओळ वाढवा. साहिबे-निसाब नसलेल्या घराला जकात देता येते, त्याचा मसला आपल्या आलिमांना विचारून घ्या. मिस्कीन आणि यतीमसोबत कैद्याला जेवू घालणाऱ्यांची तारीफ सूरह दहरमध्ये आहे. मग कैद्याच्या लेकरांचा हक्क किती मोठा असेल, याचा विचार करा. मदत देताना फोटो काढू नका, नाव ग्रुपवर टाकू नका. पैशापेक्षाही चार कामांची गरज जास्त आहे : तारखेच्या दिवशी मूल आपल्या घरी ठेवून घेणं, संध्याकाळी तासभर अभ्यास घेणं, अम्मीसोबत जळगावच्या कार्यालयात जाणं, आणि फॉर्मच्या तारखा सांभाळणं. अमरावतीत रवींद्र वैद्य यांची "वऱ्हाड" संस्था कैद्यांच्या कुटुंबांसोबत असंच काम बरीच वर्षं करत आली आहे. खान्देशातही प्रत्येक गावात चार-पाच शिकलेले लोक मिळून हे सुरू करू शकतात, त्यासाठी ट्रस्ट नोंदवायची वाट बघायला नको.

शाळेचं नवीन वर्ष जूनमध्ये सुरू होतं. त्याआधी आपल्या गल्लीत असं एखादं घर आहे का ते बघा. असेल तर कुंडी वाजवा, केसबद्दल एक शब्दही विचारू नका. फक्त विचारा, पोरगं कितवीत आहे, वह्या घेतल्या का, आणि बालसंगोपनचा अर्ज भरला का.